पिंप्राळ्याच्या पुढे प्लॉट बघितलाय, काय तपासावं? (बजेट १८ लाख)

वाघूरचं_पाणी: नमस्कार मंडळी. जळगावात पिंप्राळ्याच्या पुढे नव्या लेआउटमध्ये १५०० स्क्वेअर फुटांचा प्लॉट बघितलाय. डांबरी रस्ता, पथदिवे, मोठी कमान. बजेट १८ लाख, वर एक रुपया नाही. बांधकाम दोन वर्षांनी. आईला घेऊन राहायचंय.

रिंगरोडकर: १८ लाखांत काय येतं भाऊ? अजून २० टाक आणि गावात फ्लॅट घे. मी २०१४ ला घेतला, आज दुप्पट भाव आहे.

काळीमाती: कमानीला भुलू नका, आमच्या कॉलनीलाही आहे. भूमिगत गटार मात्र नाही, घरोघरी सेप्टिक टँक आणि शोषखड्डा. काळी माती पावसात फुगून बसते, पाणी मुरायचं नावच नाही. पहिल्याच जुलैत खड्डा तुडुंब. सकाळी बादली ओतली तर संडासातलं पाणी खाली जायच्या ऐवजी पायरीपर्यंत वर आलं. घरात पाहुणे! मैला उपसणारी गाडी बोलावली, दीड हजार घेतले, आठव्या दिवशी पुन्हा तेच. शेवटी शेजाऱ्यांनी रात्रीतून पाइप मोकळ्या प्लॉटमध्ये सोडला. आता तिथे डुकरं लोळतात. तुम्ही बघितलेला तोच तर नाही ना?

रिंगरोडकर: म्हणूनच म्हटलं, फ्लॅट.

भुसावळ_जंक्शन: जळगावला नळ तरी रोज येतो का? त्यापेक्षा आमच्याकडे या.

काळीमाती: तापी उशाला असून टँकरची वाट बघणाऱ्यांनी पाण्यावर बोलू नये.

गल्ली_नंबर_४: नियोजन बघायचं तर धुळ्यात या. इंग्रज अधिकारी कॅप्टन ब्रिग्जने १८१९ च्या सुमारास आखलेले रस्ते अजून सरळ आहेत.

सातबारा: ब्रिग्जनंतर जे वाढलं त्याचं बोला की! हद्दवाढीतल्या गावांत गटारी कुठे आहेत? असो. धागाकर्ते, एनए (बिगरशेती) ऑर्डर आणि नगररचनेचा मंजूर लेआउट बघा. लेआउट ५०० चौरस मीटरच्या वर असेल तर महारेरा नंबर (प्रकल्पाची सरकारी नोंदणी) मागा. कोणी 'गुंठेवारीत होऊन जाईल', म्हणजे विनापरवाना पाडलेला प्लॉट नंतर नियमित करून मिळेल, असं म्हणालं तर सावध राहा, त्याला ३१ डिसेंबर २०२० ही मर्यादा आहे. आणि मुख्य म्हणजे रस्ते आणि ओपन स्पेस महापालिकेकडे हस्तांतरित झालेत का ते विचारा. नसतील तर दिवा गेला तरी ना बिल्डर बघतो, ना महापालिका. आम्ही तीन वर्षं अंधारात काढलीत.

अमळनेरना_पोऱ्या: भाऊ, भर पाऊसमा जाईसन देखा. उन्हायामा समदाच प्लॉट चांगला दिखतस.

भेगाळलेली_भिंत: पायाचा खर्च धरलाय का? काळ्या मातीत मुरूम लागेपर्यंत खोदावं लागतं. आमच्या गवंड्याने चार फुटांवर 'बस झालं' म्हटलं, आम्हीही मान डोलावली. आता बेडरूमच्या भिंतीतली भेग ऑगस्टमध्ये मिटते आणि मेमध्ये तिच्यात मुलाची पेन्सिल उभी राहते. दरवर्षी पुट्टी भरतो, दरवर्षी गळून पडते.

रिंगरोडकर: पावसाळ्यात जाऊन बघा हे मीही सांगणारच होतो.

भुसावळ_जंक्शन: बोअरला काय लागतं तेही विचारा. आमच्या बोअरच्या पाण्याने गिझरची कॉइल वर्षात पांढरी झाली.

गल्ली_नंबर_४: मग कशाला बोलावता लोकांना तिकडे?

वाघूरचं_पाणी: सगळ्यांचे आभार. सातबारा यांनी सांगितलेले कागद बघितले. एनए आहे, महारेरा नंबरही आहे, हस्तांतरण बाकी आहे. गटार नाहीच. पावसाळ्यापर्यंत थांबणार होतो, पण काल आईला घेऊन गेलो. बाजूच्या बांधावर कडुनिंब आहे, त्याखाली ती तासभर बसली, उठायलाच तयार नाही. टोकन दिलं. सौदा १९ चा झाला, लाखभर मेहुण्याकडून घेतले.

रिंगरोडकर: वर एक रुपया नाही म्हणाला होतास ना?

वाघूरचं_पाणी: काळीमाती, त्या मैल्याच्या गाडीवाल्याचा नंबर व्यनि (खासगी निरोप) करा.