प्रतिसाद: स्वतःची शैली सापडायची कशी?

वर कुणीतरी म्हटलंय, चित्रांची एकच शैली लवकर पकडा, म्हणजे इन्स्टावर लोक ओळखतील. मला नाही पटत. अमूर्त चित्रं काढणाऱ्या वासुदेव गायतोंड्यांचंच बघा ना. १९४८ला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून डिप्लोमा घेतला, सुरुवातीला लघुचित्रांच्या वळणाची माणसं काढायचे. मग पॉल क्ली या युरोपियन चित्रकाराचा प्रभाव चक्क दिसतो. पुढे आकृत्या गळाल्या, ब्रशऐवजी रोलर नि पॅलेट नाइफ (रंग कालवायची, पसरायची बोथट सुरी) आले. रंग पसरायचा, खरवडायचा, कागदाचे तुकडे दाबून थोडा उचलायचा, पुन्हा पातळ थर. ती आतून येणारी झळाळी या उद्योगातून आली (तीही वर्षाला मोजक्याच चित्रांत!). तेव्हा नक्कल खुशाल करा, फक्त अधूनमधून हातातलं साधन बदला. ब्रश बाजूला ठेवून नुसत्या नाइफने काम केलंयत का कधी?