‘भाजणे’, ‘उतणे’, ‘व्रण’, ‘वण’ : मस्टर्डच्या जखमेला काय म्हणावे?

प्रश्न (राजारामपुरी, कोल्हापूर) :
मस्टर्ड गॅस या युद्धात वापरल्या गेलेल्या रासायनिक अस्त्राच्या त्वचेवरील परिणामांविषयीच्या एका लेखाचा अनुवाद करताना मी ‘रासायनिक भाजणे’ असे लिहिले. उभा जन्म गुऱ्हाळावर गुळव्या म्हणून काढलेल्या माझ्या मामांनी ते वाचून विचारले, ‘जाळ न्हाई, तर भाजलं कशानं?’ शिवाय ओल्या जखमेलाही ‘व्रण’ आणि वीस वर्षांनी उरलेल्या खुणेलाही ‘व्रण’च लिहिल्यामुळे घोटाळा झाला आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर :
मामांची हरकत रास्त आहे. काहिलीतला उकळता रस मनगटावर उडाला की माणूस त्याच क्षणी हात झटकतो, आणि ‘भाजणे’, ‘पोळणे’ या दोन्ही क्रियापदांत ती तत्काळ कळ गृहीत असते. मस्टर्डचे नेमके उलटे आहे. पहिल्या महायुद्धात, जुलै १९१७ मध्ये, बेल्जियममधील ईप्र शहराजवळ ते प्रथम वापरले गेले, तेव्हा पुष्कळ सैनिकांना आपल्या अंगाला काही लागले आहे हे कळलेच नाही, कारण हा तेलकट द्रव (तो मुळात वायूही नाही आणि मोहरीशीही त्याचा संबंध नाही, वास मात्र तसा येतो) त्वचेत मुरताना दुखत नाही. बाह्यत्वचेच्या तळच्या पेशींतील डीएनएला तो काही मिनिटांतच चिकटतो, परंतु लाली आणि खाज उमटते ती २ ते २४ तासांनी. मग बारीक फोड उठतात, एकमेकांत मिसळतात आणि पिवळसर पाण्याने टरारतात. काख, जांघ, मान अशा घामेजणाऱ्या जागी सर्वांत जास्त. अशा उशिराने येणाऱ्या फोडांसाठी आपल्याकडे बिब्ब्याच्या संदर्भात ‘उतणे’ हे क्रियापद रुळलेले आहे. ‘बिब्बा उतला’ म्हटले की ऐकणाऱ्याला वेगळे समजवावे लागत नाही.

दुसरे उत्तर :
‘उतणे’ समर्पक आहे, पण जपून वापरावे. बिब्बा उततो तो बहुधा ॲलर्जीमुळे, म्हणून एकाला उततो आणि शेजारच्याला उतत नाही; मस्टर्ड पेशी थेट मारते, त्यामुळे कोणालाच सोडत नाही. दृष्टान्त म्हणून ‘उतणे’ एकदा यावे आणि पुढे सरळ ‘फोड उठणे’ लिहावे. लेखात लुईसाइटचा (फोड आणणाऱ्या दुसऱ्या एका युद्धरसायनाचा) उल्लेख असेल, तर तेथे मात्र ‘पोळणे’ चालेल, कारण ते लागताक्षणी झोंबते.

‘व्रण’ आणि ‘वण’ हे एकाच शब्दाचे तत्सम आणि तद्भव. वैद्यकीय लेखनात व्रण म्हणजे उघडी जखम, पण बोलण्यात तोच शब्द भरलेल्या जखमेच्या खुणेलाही लावला जातो. आपण फोड फुटल्यानंतर आठवडेच्या आठवडे चिघळत राहणाऱ्या जखमेपुरता ‘व्रण’ राखावा. अडचण आहे ती त्यापुढच्या अवस्थेची. २८ जून १९८७ रोजी इराणमधील सरदश्त या गावावर मस्टर्डचे बॉम्ब पडले. तेथील आणि इराण-इराक युद्धातील इतर बाधितांच्या त्वचेवर काही जागी काळपट आणि काही जागी फिकट रंग, कोरडेपणा आणि खाज अनेक दशकांनंतरही आढळते. याला ‘वण’ म्हणणे अपुरे वाटते. वण ही मिटलेल्या दुखण्याची खूण असते आणि हे दुखणे मिटलेले नाही. फिकट जागांना ‘कोड’ तर मुळीच म्हणू नये. तो वेगळा रोग आहे, आणि त्या शब्दामागे आपल्या समाजात काय काय येते हे सांगायला नको.

प्रश्नकर्ता :
दोघांचाही आभारी आहे. हे सर्व मामांना वाचून दाखवले. त्यांनी बाही सारून कोपराखालचा, काकवीने पोळलेला जुना वण पुढे केला. गुळगुळीत, तांबूस, रुपयाएवढा. ‘ह्यो एकदा भरला त्यो भरला, कधी खाजत न्हाई,’ म्हणाले. अनुवादाच्या शेवटच्या परिच्छेदातील, जुन्या खुणेसाठीचा ‘व्रण’ मी काढला असून तेथे ‘खाजरे, कोरडे चट्टे’ असे केले आहे.