शब्दचर्चा: साखर की शर्करा? आणि उत्प्रेरक

मेघना: एका लेखाचं भाषांतर करतेय. वनस्पतींतल्या शुगर्सपासून कॅटॅलिस्ट (उत्प्रेरक, म्हणजे स्वतः खर्ची न पडता अभिक्रिया घडवून आणणारा पदार्थ) वापरून औद्योगिक रसायनं, असा विषय. ‘साखरेपासून रसायने’ लिहिलं तर संपादक म्हणाले, लोक साखर महागणार म्हणून घाबरतील. ‘शर्करा’ पुस्तकी वाटतं. काय करू?

अनिकेत: शर्कराच लिहा. साखर म्हणजे डब्यातलं सुक्रोज, बास. ग्लुकोज, झायलोज याही शर्कराच, पण त्यांना सहसा साखर म्हणत नाहीत. मक्याच्या बुरकुंडात नि उसाच्या चिपाडात झायलोज असतं, तेही लांब साखळीत अडकलेलं. आम्ल घालून आधी साखळी तोडायची. मग त्याच आम्लामुळे झायलोजमधून पाण्याचे तीन रेणू निघून जातात आणि फर्फ्युरल हे औद्योगिक रसायन मिळतं. अमेरिकेत क्वेकर ओट्सने १९२२ मध्ये ओटच्या फोलापासून ते मोठ्या प्रमाणावर काढायला सुरुवात केली. नावही लॅटिन ‘फर्फर’वरून आलंय, म्हणजे कोंडा!

सुहासकाका: उत्प्रेरकाला सरळ ‘विरजण’ म्हटलं तर? सगळ्यांना कळेल.

अनिकेत: नको काका. विरजणातले जिवाणू शर्करा खातात, वाढतात आणि दह्यातच राहतात. ते किण्वन, आपलं आंबवणं. उत्प्रेरकाचं तसं नाही. सॉर्बिटॉलचं बघा (टूथपेस्टच्या ट्यूबवर नाव सापडेल). ग्लुकोजच्या द्रावणात निकेलची पूड टाकून दाबाखाली हायड्रोजन सोडतात, की सॉर्बिटॉल तयार होतं. काम झालं की निकेल गाळून पुन्हा वापरायचं. आणि ‘उत्प्रेरक अभिक्रियेत भाग घेत नाही’ हे शाळेतलं वाक्य विसरा. चांगला घेतो! हायड्रोजन आणि ग्लुकोज निकेलच्या पृष्ठभागाला चिकटतात, तिथेच जुळतात नि सुटतात. निकेल खर्ची पडत नाही, एवढंच.

भट्टीवाला: प्लांटमध्ये ‘उत्प्रेरक’ कोणीच म्हणत नाही, कॅटॅलिस्टच. गंधकाचा अंश आत गेला की म्हणतात, ‘कॅटॅलिस्ट मेला’, म्हणजे निकामी झाला. आणि किण्वन नि उत्प्रेरण हे दोन्ही शब्द एकाच कामात लागतात बरं का. मळीचं अल्कोहोल यीस्ट करतं, म्हणजे किण्वन. तेच अल्कोहोल तापवून अॅल्युमिनावरून (अॅल्युमिनियमच्या ऑक्साइडवरून) नेलं की इथिलीन वायू, म्हणजे उत्प्रेरण. लेखात कुठली पायरी आहे ते आधी बघा.

मेघना: दोन्ही आहेत! मी सगळीकडे ‘प्रक्रिया’ लिहून मोकळी झाले होते. ‘वनस्पतिज शर्करा’ चालेल का?

अनिकेत: मथळ्यात नको. ‘चिपाडातल्या शर्करेपासून रसायने’ करा, संपादकांची महागाईची धास्तीही जाईल.