मिशिगनच्या हिवाळ्यासाठी जुना पिकअप ट्रक घ्यावा का?

कँटनवासी

नमस्कार मंडळी. आम्ही डेट्रॉइटच्या पश्चिमेला कँटन येथे राहतो. पत्नीची नोकरी अ‍ॅन आर्बरच्या एका रुग्णालयात असून तिची पाळी बऱ्याचदा पहाटे सुरू होते, त्यामुळे बर्फ काढणारी वाहने आमच्या भागात फिरून जाण्याच्या आतच तिला घराबाहेर पडावे लागते. आमच्याकडे पुढच्या चाकांवर चालणारी एक सेदान आहे. ती अजून उत्तम स्थितीत असल्यामुळे दर हिवाळ्यात तिला, बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर टाकतात त्या, गंज चढवणाऱ्या मिठाच्या हवाली करणे जिवावर येते. म्हणून नोव्हेंबर ते मार्च या काळापुरता एखादा जुना, फोर व्हील ड्राइव्ह असलेला पिकअप घ्यावा आणि उरलेल्या वर्षात बागेसाठी माती आणणे, लाकूड वाहणे अशी कामे त्याच्याकडून करून घ्यावीत, असा विचार चालू आहे.

सध्या एक २००३ सालचा शेव्हरोले सिल्व्हराडो पाहून ठेवला आहे. ५.३ लिटरचे व्ही-८ इंजिन, एक्स्टेंडेड कॅब (पुढच्या आसनांमागे थोडी जादा जागा असलेली), ओडोमीटरवर १,६८,००० मैल आणि मागणी ४,८०० डॉलर. विक्रेता दलाल नसून स्वतः मालक आहे. इंजिन पहिल्याच प्रयत्नात सुरू झाले, गिअरही झटका न देता बदलत होते. खालच्या बाजूस मात्र नुकताच काळा रंग दिलेला दिसला, आणि गंज लागू नये म्हणून तो आपणच दिला, असे मालकाने सांगितले. असा ट्रक घेताना नेमके काय तपासावे, आणि मुळात ही कल्पना शहाणपणाची आहे का, याविषयी अनुभवी सभासदांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

पानापक्कड (ग्रँड रॅपिड्स)

आपण इंजिनाविषयी पहिल्यांदा लिहिले आणि रंगाविषयी शेवटी. माझ्या मते क्रम उलटा हवा. हे ५.३ लिटरचे इंजिन वेळेवर तेल बदलले असेल तर दोन लाख मैलांच्या पुढेही कुरकुर न करता चालते. आपल्या राज्यात हे ट्रक भंगारात जातात ते बहुतेक वेळा इंजिनामुळे नव्हे, तर खालून कुजल्यामुळे. खालून दिलेला ताजा काळा रंग म्हणजे काहीतरी झाकलेले आहे, असेच धरून चालावे. मालक प्रामाणिक असेलही. पण गंज खरवडून न काढता त्यावर रंग मारला, तर ओल आतच कोंडली जाते आणि वरून सगळे गुळगुळीत दिसत असताना पत्रा आतून खात जाते.

या पिढीच्या सिल्व्हराडोच्या फ्रेमला कारखान्यातच मेणासारखा थर दिलेला असे. काही वर्षांनी तो जागोजागी सुटतो आणि मिठाचे पाणी त्याच्या खाली शिरते. मालकाची परवानगी घेऊन लहान हातोडी आणि चांगला टॉर्च घेऊन खाली शिरावे. मागचे पाटे फ्रेमला जिथे अडकवलेले असतात ते कंस, मागच्या चाकांच्या वर वळलेला फ्रेमचा भाग आणि इंधनाच्या टाकीच्या वरची जागा, हे सर्व हातोडीने हलकेच ठोकत जावे. शाबूत लोखंड खणखणीत वाजते. कुजलेल्या ठिकाणी आवाज बद्द येतो आणि खारीच्या पापुद्र्यांसारखे गंजाचे थर गळून हातात येतात. नुसता तांबूस गंज असेल तर घाबरण्याचे कारण नाही, पण पापुद्रे सुटत असतील आणि स्क्रू ड्रायव्हरचे टोक आत रुतत असेल, तर किंमत कितीही उतरली तरी तिथून निघावे. दरवाजाखालची पट्टी आणि कॅबचे मागचे खालचे कोपरे या ट्रकांमध्ये हमखास जातात. तो दोष दिसायला वाईट असला, तरी फ्रेमच्या मानाने दुय्यम आहे.

फ्रेमच्या खालोखाल महत्त्व ब्रेकच्या नळ्यांचे. १९९९ ते २००३ या वर्षांतील जनरल मोटर्सच्या ट्रक व एसयूव्हींच्या पोलादी ब्रेक नळ्या गंजून फुटतात, अशा तक्रारींवरून अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने दीर्घ चौकशी केली होती. त्या चौकशीच्या कक्षेत सुमारे पन्नास लाख वाहने होती. २०१५ मध्ये ती चौकशी रिकॉलचा, म्हणजे कंपनीने गाड्या परत बोलावून दोष दुरुस्त करण्याचा, आदेश न देताच बंद झाली. वाहनांचे वय झाल्यामुळे ही झीज होते, असा निष्कर्ष काढून मीठ वापरणाऱ्या राज्यांतील मालकांना गाडी खालून नियमित धुण्याचा आणि नळ्या तपासून घेण्याचा सल्ला तेवढा देण्यात आला. आपला ट्रक नेमका त्याच वर्षांतला आहे. या नळ्या चालकाच्या बाजूने फ्रेमच्या आतून मागे जातात, आणि त्यांना धरून ठेवणाऱ्या प्लॅस्टिकच्या क्लिपांमध्ये चिखल व मीठ साचून राहते. नळी तिथेच आधी गळू लागते. कोणी आधीच तांबे-निकेलच्या नळ्या बसवल्या असतील, तर त्यांचा किंचित तांबूस रंग ओळखू येतो. तसे असेल तर ही त्या ट्रकची सर्वांत जमेची बाजू समजावी. नसेल, तर सर्व नळ्या बदलण्याचा खर्च किमतीतच धरावा.

याऐवजी टोयोटा घ्या, असे कोणी ना कोणी सांगेलच, म्हणून आधीच लिहून ठेवतो. त्यांच्या जुन्या टाकोमा या पिकअपची फ्रेम हा तर अधिकच गाजलेला विषय आहे. १९९५ ते २००० सालच्या ज्या टाकोमांची फ्रेम गंजून आरपार भोके पडली होती, त्यांतल्या अनेक कंपनीने २००८ पासून बाजारभावाच्या दीडपट रक्कम देऊन परत घेतल्या. इंजिन अमर असले, तरी मिठाला ब्रँड कळत नाही.

सेंटपॉलकर

पानापक्कड यांचे लिखाण अचूक आहे, परंतु प्रश्नाच्या उत्तरार्धाला त्यांनी हात घातलेला नाही. ही कल्पना मुळात शहाणपणाची आहे का? मला शंका आहे.

पिकअपचा हौदा रिकामा असतो तेव्हा त्याच्या मागच्या चाकांवर फारच कमी वजन असते, आणि टू व्हील ड्राइव्हमध्ये इंजिनाचा जोर मिळतो तो मागच्याच चाकांना. परिणामी निसरड्या वळणावर असा ट्रक आपल्या सेदानपेक्षा लवकर घसरतो. फोर व्हील ड्राइव्ह लावल्यास तो जागचा हलतो, बर्फाच्या ढिगाऱ्यातून बाहेर पडतो, चढ चढतो. थांबण्याच्या बाबतीत मात्र त्याचा काडीचाही उपयोग होत नाही. ब्रेक तर सर्वच गाड्यांना चारही चाकांवर असतात, आणि दोन टनांहून जड ट्रक थांबवायला अंतर जास्तच लागते. आमच्याकडे पहिल्या मोठ्या हिमवर्षावानंतर रस्त्याकडेच्या खंदकात जाऊन पडलेल्या वाहनांत मोठ्या पिकअपची संख्या नजरेत भरते. याचे कारण मला तरी चालकाच्या फाजील आत्मविश्वासातच दिसते.

पहाटे पाचला निघणाऱ्या व्यक्तीसाठी खरा फरक पडतो तो टायरांनी. तापमान साधारण ७ अंश सेल्सियसच्या खाली गेले की नेहमीच्या टायरांचे रबर कडक होऊ लागते. हिवाळी टायरांचे रबर थंडीतही मऊ राहते. बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण, असे चिन्ह असलेले चार टायर आणि त्यांच्यासाठी साध्या पोलादी रिम्स सेदानला बसवल्या, तर ट्रकच्या किमतीच्या चौथ्या हिश्श्यात काम होते. शिवाय त्या काळात मूळ टायर झिजत नाहीत. सेदानला मीठ लागेल, हे खरे. पण त्यावर उपाय आहेत.

तरीही ट्रक घ्यायचाच असेल, तर दोन गोष्टी सांगतो. फोर व्हील ड्राइव्हचे बटण दाबून, मोकळ्या जागेत फिरवून पाहिल्याशिवाय व्यवहार करू नये. त्यात ‘ऑटो’ची, म्हणजे गरजेनुसार पुढच्या चाकांना आपोआप जोर देण्याची, सोय असेल, तर अर्धवट ओल्या, अर्धवट कोरड्या रस्त्यांवर तीच वापरावी. नुसता ‘फोर हाय’, म्हणजे पुढची व मागची चाके एकत्र जखडणारा पर्याय, असेल, तर कोरड्या डांबरावर तो कधीही लावू नये, कारण वळताना पुढची व मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात आणि तो ताण ट्रान्सफर केस (पुढच्या व मागच्या चाकांना जोर वाटून देणारी गिअरपेटी) व सांध्यांवर येतो. दुसरे म्हणजे हौद्यात, मागच्या आसाच्या बरोबर वर, वाळूच्या चार-पाच पिशव्या ठेवून त्या पट्ट्याने घट्ट बांधाव्यात. मोकळ्या ठेवल्या, तर जोरात ब्रेक दाबताच त्या कॅबवर येऊन आदळतात. गाडी रुतली, तर त्यांतलीच एक फोडून वाळू चाकाखाली टाकता येते.

तिखटमीठ (ब्रॅम्प्टन)

सेदान वाचवण्यासाठी दुसरे वाहन विकत घेणे मलाही पटत नाही. इकडे ओंटारिओत पुष्कळ लोक दर शरद ऋतूत गाडीच्या खाली, दरवाजांच्या आत आणि पोकळ भागांत तेलाचा फवारा मारून घेतात. दोन-तीन दिवस अंगणात थेंब पडतात, थोडा वासही येतो, पण गंज थोपवण्यात त्याचा खरोखर उपयोग होतो. रबरासारखा घट्ट लेप देणारे लोक तुमच्याकडेही भेटतील. जुन्या गाडीवर तो मुळीच देऊ नये, कारण त्याला एकदा तडा गेला की पाणी आत धरून ठेवण्याचे काम तोच करतो.

आमच्याकडे जुनी गाडी नावावर करून रस्त्यावर आणायची, तर सुरक्षितता तपासणीचे प्रमाणपत्र लागते. मिशिगनमध्ये अशी सक्ती नाही, त्यामुळे ती तपासणी आपल्या खर्चाने आपणच करवून घ्यावी.

कँटनवासी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आपल्या सूचनांनुसार काल तो ट्रक एका गॅरेजमध्ये नेऊन लिफ्टवर चढवला. फ्रेम ठोकून पाहिली असता सर्वत्र खणखणीत आवाज आला. काळ्या रंगाखाली वरवरचा गंज आहे, पापुद्रे नाहीत. चालकाच्या बाजूची पट्टी मात्र कुजली आहे. ब्रेकच्या नळ्या मूळच्याच असून इंधन टाकीच्या वरच्या भागात एक नळी ओलसर आढळली. मेकॅनिकने सर्व नळ्या बदलण्यास सांगितले, तेव्हा मालकाने स्वतःहून किंमत ३,९०० डॉलरवर आणली. आणखी एक गोष्ट त्याने बोलता बोलता सांगितली, ती म्हणजे वेगाचा काटा अडकत असल्यामुळे डॅशबोर्डवरचा मीटर पूर्वी एकदा बदललेला आहे.

सेंटपॉलकर यांचा मुद्दा पत्नीला पूर्णपणे पटला असून सेदानला हिवाळी टायर बसवण्याचे आम्ही नक्की केले आहे. ट्रकचा मोह मात्र माझ्याच्याने सुटत नाही, कारण माती आणि लाकडाची कामे शिल्लक राहतातच. कागदपत्रांच्या आणि विम्याच्या बाबतीत काय सांभाळावे?

पानापक्कड (ग्रँड रॅपिड्स)

त्या वर्षांतल्या मीटरचे काटे अडकणे हा सर्वज्ञात दोष आहे, त्यामुळे मीटर बदलला यात संशयास्पद काही नाही. फक्त ओडोमीटरही त्याच मीटरमध्ये असल्यामुळे १,६८,००० हा आकडा खरा असेलच असे धरू नये. इतक्या जुन्या वाहनाच्या विक्रीत ओडोमीटरचा आकडा प्रमाणित करण्याचे बंधन संघराज्याच्या नियमांनुसार नसते. दुरुस्तीच्या जुन्या पावत्या मागाव्यात आणि त्यांवरचे मैल तारखांशी जुळवून पाहावेत. चॅसी क्रमांक डॅशबोर्डवर, दरवाजावरच्या स्टिकरवर आणि टायटलवर (मालकीच्या दाखल्यावर) एकच आहे, याची खात्री करावी. तोच क्रमांक महामार्ग सुरक्षा प्रशासनाच्या संकेतस्थळावर टाकून रिकॉलची कामे बाकी आहेत का, हे पाहावे. ती कामे डीलरकडे सहसा विनाशुल्क होतात. टायटलवर ‘सॅल्व्हेज’ (मोठ्या नुकसानीमुळे निकालात काढलेली गाडी) किंवा ‘रीबिल्ट’ (तशी गाडी पुन्हा उभी केलेली) असा शेरा नाही ना, आणि कर्जाचा बोजा शिल्लक नाही ना, हेही बघावे.

मिशिगनमध्ये नंबर प्लेट मालकाकडेच राहते, म्हणून त्याची प्लेट तो काढून घेईल आणि आपल्याला नवी घ्यावी लागेल. त्यासाठी विम्याचा पुरावा आधी लागतो. टायटल १५ दिवसांच्या आत नावावर करून घ्यावे. विक्रीकर ६ टक्के आहे आणि तो व्यवहाराची किंमत व बाजारभाव यांपैकी जी रक्कम जास्त असेल तिच्यावर लागतो, त्यामुळे मालकाने कागदावर किंमत कमी दाखवण्याची तयारी दाखवली, तरी त्या भानगडीत पडू नये.

विम्यात कोलिजन, म्हणजे टक्कर झाल्यास स्वतःच्या गाडीची भरपाई, घेऊ नये. या किमतीच्या ट्रकला ते परवडत नाही. वैद्यकीय संरक्षणाचा भाग मात्र आपल्या राज्यात प्रत्येक वाहनामागे आकारला जातो, त्यामुळे दुसरे वाहन वाढल्यावर वर्षाचा हप्ता किती होतो, हे पैसे देण्यापूर्वीच एजंटकडून लेखी मागवावे. ३,९०० डॉलर, नळ्यांचा खर्च, कर, हप्ता आणि शहरात गॅलनमागे जेमतेम १३-१४ मैल, हे सर्व मांडूनही ट्रक हवासा वाटत असेल, तर घ्यावा. पण नळ्या बदलून होईपर्यंत तो चालवत घरी आणू नये. मालकाच्या दारातून थेट गॅरेजपर्यंत टो करूनच न्यावा.