लघुपटात जुनं गाणं वापरायचं आहे, परवानगी कुणाकुणाची लागते? (चौकट, गांधार, मुखडा आणि आलाप ही चर्चेतल्या सदस्यांची टोपणनावं.)

चौकट: २० मिनिटांच्या लघुपटात एका जुन्या गाण्याचं कडवं हवं आहे, साधारण ४० सेकंद. मूळ रेकॉर्डिंग घ्यावं की नव्या आवाजात गाऊन घ्यावं, हे ठरलेलं नाही. संगीतकार हयात नाहीत, गीतकार आहेत. लघुपट आधी महोत्सवांना जाईल, मग नेटवर. अर्ज कुणाकडे करायचा आणि त्यात काय लिहायचं?

गांधार: एका गाण्यात दोन वेगळे हक्क असतात. शब्द आणि चाल यांचा हक्क गीतकार-संगीतकारांकडे किंवा त्यांच्या पब्लिशरकडे. ध्वनिमुद्रणाचा हक्क बहुधा रेकॉर्ड कंपनीकडे. चित्रासोबत रचना वापरायला सिंक लायसन्स लागतं. मूळ रेकॉर्डिंग घेतलं तर त्याशिवाय मास्टर लायसन्सही. नव्याने गाऊन घेतलंत तर मास्टर टळेल, सिंक टळणार नाही.

काही देशांत कव्हर व्हर्जनसाठी (तेच गाणं नव्या आवाजात) कायद्यानेच परवाना मिळतो, पण तो नुसत्या ऑडिओपुरता. चित्र आलं की मालक सरळ नकार देऊ शकतो.

मालक शोधताना रेकॉर्डच्या वेष्टणावर वर्तुळातलं ‘पी’ बघा, त्यापुढे ध्वनिमुद्रणाच्या मालकाचं नाव असतं. मात्र कंपन्यांची कॅटलॉग विकली जातात, तेव्हा आजचा मालक कोण याची खात्री करून घ्या. रचनेसाठी कॉपीराइट सोसायट्यांच्या (कर्त्यांच्या वतीने हक्क सांभाळणाऱ्या संस्थांच्या) डेटाबेसमध्ये शोधा. एकाच नावाची बरीच गाणी सापडतात, म्हणून पत्रव्यवहारात रचनेचा आयएसडब्ल्यूसी आणि रेकॉर्डिंगचा आयएसआरसी हे आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक द्या.

मुखडा: अर्जात एवढं हवंच: गाण्याचं नाव आणि कर्ते, किती सेकंद, प्रसंग काय, गाणं पार्श्वभूमीला वाजतं की पात्र गातं, शीर्षकांवर आहे का, प्रदेश, मुदत, माध्यमं, लघुपटाचं बजेट. पात्राने गाणं आणि मागे रेडिओ वाजणं यांचे दर वेगळे पडू शकतात, त्यामुळे ‘गाणं वापरणार आहोत’ एवढंच मोघम लिहू नका.

महोत्सवांपुरतं लायसन्स बहुधा स्वस्त मिळतं. ते घेतानाच नेटवरच्या प्रदर्शनाचा दर ‘ऑप्शन’ म्हणून, म्हणजे पुढे हवं तर त्याच दराने घेता येईल असा, करारात लिहून घ्या. हे राहून गेलं आणि लघुपट गाजला, तर गाणं काढता येत नाही आणि घासाघीस करायला तुमच्या हातात काही उरत नाही.

परवानगी देणाऱ्या हक्कदारांच्या हिश्श्यांची बेरीज १०० टक्के भरली पाहिजे. २५ टक्क्यांचा एक वारस जरी अडला, तरी काम अडतं. ‘मोस्ट फेवर्ड नेशन’ कलमही नीट वाचा. त्यामुळे एका हक्कदाराला जास्त पैसे दिले की दुसऱ्यालाही त्याच दराने द्यावे लागतात.

चौकट: संगीतकारांना जाऊन ५० वर्षं झाली. चाल तरी मोकळी झाली ना? आणि ३० सेकंदांच्या आत फुकट असतं म्हणतात ते?

गांधार: सेकंदांची अशी सरसकट सूट कुठल्याच कायद्यात नाही. श्रेयनामावलीत नाव दिलं म्हणजे परवानगी मिळाली, असंही नाही.

५० वर्षं ही बर्न करारातली (कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय करारातली) किमान मर्यादा. अनेक देशांत मृत्यूनंतर ७० वर्षं संरक्षण असतं. नेटवर लघुपट सगळीकडे दिसणार, म्हणून सर्वात लांब मुदत धरून चाला. शब्द आणि चाल मिळून एकच कृती मानायची का, हे देशागणिक बदलतं. जिथे मानतात तिथे मुदत शेवटच्या कर्त्याच्या मृत्यूपासून मोजतात. गीतकार हयात आहेत, म्हणजे शब्दांची परवानगी लागणारच. शब्द बदलायचे किंवा भाषांतर करायचं असेल तर तेही अर्जात वेगळं मागा.

आलाप: दोन कामं शेवटावर ढकलू नका. नव्याने गाऊन घेतलं तर गायक आणि वादकांकडून लेखी संमती त्याच दिवशी घ्या, नाहीतर नव्या रेकॉर्डिंगची मालकी संदिग्ध राहते. दुसरं, लायसन्स असूनही व्हिडिओ साइटची यंत्रणा कॉपीराइटचा दावा लावू शकते. म्हणून तुमच्या चॅनलवरचे दावे मालक मागे घेईल, असं वाक्य करारातच घाला. अंतिम एडिटनंतर क्यू शीटही (वापरलेल्या संगीताचा तक्ता) भरा: गाणं, कर्ते, हिस्से, नेमके सेकंद, वापराचा प्रकार. ४० चे ५२ सेकंद झाले असतील तर आधी दुरुस्त परवानगी मागा, मगच प्रिंट पाठवा.