मदत हवी आहे: 'शेरलॉक'च्या तिसऱ्या सीझनचा पहिला भाग घरच्यांना कसा दाखवू? (स्पॉयलर आहेत)

ज्यांनी बीबीसीची 'शेरलॉक' पाहिलेली नाही त्यांनी इथूनच मागे फिरा, पुढे सगळं फोडलेलं आहे.

आमच्याकडे सोलापुरात शनिवारी रात्री जेवणं उरकली की एक भाग लागतो. प्रेक्षक म्हणजे आत्या, धाकटा भाऊ आणि शेजारचे काका. काकांचं आयुष्य यंत्रमागाच्या खटखटाटात गेलंय, त्यामुळे टीव्ही गल्लीला ऐकू जाईल एवढा मोठा लागतो. मी सगळं आधी पाहिलंय, म्हणून रिमोट माझ्याकडे. गेल्या शनिवारी दुसरा सीझन संपला. शेरलॉकने बार्ट्स हॉस्पिटलच्या गच्चीवरून उडी टाकली, त्याचा मित्र डॉक्टर जॉन वॉटसन थडग्यासमोर रडला, आणि शेवटी दिसतं की हा बाबा लांब उभा राहून सगळं बघतोय. आत्या ओरडलीच, "मेला नाही की ओ तो!" मग शेंगा फोडत मध्यरात्रीपर्यंत वाद.

पुढचा भाग मी परत एकटीने पाहून घेतला. आवडला, फार आवडला, पण दाखवायचा कसा हेच कळेना.

पहिली अडचण आत्याची. तिला इंग्रजी सबटायटल्स तेवढ्या वेगात वाचता येत नाहीत, म्हणून मी मध्ये मध्ये थांबवून सांगते. आता हा भाग सुरू होतो तोच उडीच्या खुलाशाने: कमरेला दोरी, खिडकी फोडून आत, हॉस्पिटलातल्या मॉलीचं चुंबन, खाली शत्रू मोरिआर्टीच्या प्रेताला शेरलॉकचा मुखवटा, आणि जॉनला भुरळ पाडायला खुद्द संमोहनकार डेरेन ब्राऊन. हे सगळं खोटं, आधी शेरलॉकवर संशय घेणाऱ्या पोलीस तज्ज्ञ अँडरसनच्या डोक्यातून निघालेलं. आत्या ते खरं धरून बसणार. आधीच सांगून टाकू का? सांगितलं तर मजा गेली. नाही सांगितलं तर ती म्हणणार, "हे काय बघालो बे आपण?" आणि उठून झोपायला जाणार.

दुसरी अडचण काका. त्यांनी उडीचा प्रसंग मला तीनदा मागे घ्यायला लावला. रस्त्याकडेला उभा असलेला पिशव्यांनी भरलेला ट्रक त्यांनीच हेरला. शेरलॉक जॉनला "आहेस तिथून हलू नकोस" असं का बजावतो, हेही त्यांनीच विचारलं. मधली बुटकी इमारत आड येते म्हणून, हे उत्तरही त्यांचंच. असल्या माणसाला तो तिसरा खुलासा (दुसरा सोडा, तोही कल्पनेतलाच) पटेल का? म्हणजे शेरलॉक स्वतः अँडरसनला सांगतो तो: तेरा शक्यतांचा हिशेब आधीच केलेला, खाली हवेची मोठी गादी, सायकलवाल्याने जॉनला पाडायचं, तेवढ्यात गादी गायब, काखेत चेंडू दाबून मनगटाची नाडी बंद. मला स्वतःला तो निम्मा पटतो. एवढी अवाढव्य गादी रस्त्यावरून हलते आणि एकाही वाटसरूचं तोंड नंतर उघडत नाही?

पण खरं सांगू, मला या भागात उडीपेक्षा हॉटेलातला प्रसंग मोठा वाटतो. जॉन मेरीला मागणी घालायच्या बेतात आहे आणि हा शहाणा मिशी रंगवून वेटर होऊन येतो. दोन वर्षं ज्याला मेला म्हणून रडलो तो असा विनोद करत समोर आला तर काय करायचं? जॉन गळाच धरतो. एका हॉटेलातून बाहेर, मग दुसरं, मग तिसरं, प्रत्येक ठिकाण आधीच्यापेक्षा साधं. तो म्हणतो, कसं केलंस ते मला नको, का केलंस ते सांग. आमच्या घरातली मंडळी 'कसं' घेऊन बसलीत आणि हा प्रसंग त्यांच्या हातून निसटेल अशी भीती वाटते.

तर जाणकारांनो, तिसरा खुलासा खरा मानायचा का? आणि दोन सीझनमध्ये थोडे दिवस जाऊ द्यावेत की येत्या शनिवारीच लावू?

प्रतिसाद १

आत्यांना काही सांगू नका. चुंबन आलं की त्यांनाच शंका येईल, आणि लगेच इन्स्पेक्टर लेस्ट्रेड अँडरसनला झापतो तिथे उलगडा होतोच. ती दोन-तीन मिनिटं फसू दे की त्यांना.

खुलाशाबद्दल: चेंडू मागच्या भागात दिसलेला आहे, लॅबमध्ये वाट बघताना शेरलॉक तो आपटत असतो. मॉलीकडे मदत मागणंही तिथेच आहे. तेव्हा तिसरा खुलासा मागच्या धाग्यांना धरून आहे. पण अँडरसनच विचारतो की हे सगळं मला कशाला सांगशील, आणि त्याचं उत्तर कुणी देत नाही. काकांना हा मुद्दा नक्की आवडेल.

प्रतिसाद २

दिवस जाऊ द्या. दुसरा सीझन १५ जानेवारी २०१२ ला संपला आणि हा भाग १ जानेवारी २०१४ ला आला. आम्ही जवळपास दोन वर्षं डोकं खाजवलं, तुमच्या घरच्यांना निदान दोन-तीन शनिवार तरी खाजवू द्या. शेरलॉकच्या मूळ गोष्टी लिहिणाऱ्या कॉनन डॉयलचे वाचक तर १८९३ पासून १९०३ पर्यंत ताटकळले. मूळ गोष्टीत म्हातारा पुस्तकविक्या वेषांतर उतरवतो तेव्हा वॉटसनला भोवळ येते. इथे जॉनच्या दवाखान्यात तसाच पुस्तकवाला येतो आणि तो बिचारा खरोखरचा पेशंट निघतो. मूळ गोष्ट कुणी वाचली असेल तर त्याच्या तोंडाकडे बघत बसा.

प्रतिसाद ३

मी पण सोलापूरचाच. मधल्या शनिवारी रिकामं बसू नका, सात-एक मिनिटांचा छोटा भाग आहे, २४ डिसेंबर २०१३ ला बीबीसीने टाकला होता. त्यात अँडरसन जगभरच्या बातम्यांतून शेरलॉकचा माग काढतो, आणि त्यातली एक केस नवी दिल्लीची आहे! आइस्क्रीममध्ये चॉकलेटची कांडी किती खोल रुतली यावरून खुनी सापडतो. आपल्या उन्हाळ्यात हा पुरावा टिकला नसता म्हणा. पण अँडरसनला अपराधी वाटतंय हे त्यात नीट कळतं, म्हणजे पुढे तो खोटा खुलासा कुठून आला ते आत्यांना सांगावं लागणार नाही.

धागाकर्ती

हा छोटा भाग मला माहीतच नव्हता, आभार! येत्या शनिवारी तोच लावते आणि मोठा भाग त्यानंतर दोन आठवड्यांनी. आत्याला काही सांगत नाही. काकांना मात्र भुयारी रेल्वेतल्या बॉम्बचा प्रसंग कसा पचणार कोण जाणे. बंद करायचं बटण समोर असताना शेरलॉक जॉनकडून माफी वदवून घेतो, हे कळल्यावर ते चिडणार बघा. तिथे थांबवून बोलू द्यावं की पुढे रेटावं?