चिनी माणसं खरंच नास्तिक आहेत, की देव लपवायला शिकली?

जिज्ञासू
आमच्या वाचन गटात परवा चीनवर बोलणं चाललं होतं. एकाने ठामपणे सांगितलं, "तिकडे कुणी देवबिव मानत नाही, पाहणी केली की बहुतेक लोक 'धर्म नाही' असंच सांगतात." मग देवळांतून धुपाचे लोट दिसतात ते कुणाचे? कम्युनिस्ट राजवटीने जुन्या श्रद्धा खरंच संपवल्या का? तिथे राहिलेल्या कुणी सांगितलं तर बरं होईल.

काळा पाषाण
ताई, ग्रॅनाइटच्या धंद्यामुळे मी सहा वर्षं फूच्यान प्रांतात, छ्वानचौ शहरात राहिलो. घरमालकीण सत्तरीची. गल्लीत सगळे तिला 'आमा' म्हणत, तिकडच्या बोलीत आजी. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला ती भल्या पहाटे उदबत्त्या लावायची, फळं मांडायची. एकदा विद्यापीठातली मुलं पाहणीसाठी आली. धर्म कोणता, या प्रश्नावर आमाने लगेच सांगितलं, "नाही." मुलं गेल्यावर मी आमाला विचारलंच. आपण खोटं बोललो असं तिला मुळीच वाटत नव्हतं. धर्म म्हणजे चर्चवाले आणि मठातले भिक्षू, आपलं तर नुसतं 'पाय-पाय', म्हणजे हात जोडणं.

हे तिच्या डोक्यात कुठून आलं? सरकारला पाचच धर्म मान्य आहेत: बौद्ध, ताओ, इस्लाम, कॅथलिक आणि प्रोटेस्टंट. कुळाच्या पाट्या (पूर्वजांची नावं कोरलेल्या, पुजायच्या), चुलीचा देव, गावाचा देव यांपैकी कशातच बसत नाहीत. त्यांना कित्येक वर्षं एकच शब्द होता, 'फंगच्यान मीशिन', सरंजामी अंधश्रद्धा. धर्माला निदान कागदावर संरक्षण आहे, अंधश्रद्धेला तेही नाही. आमच्या गल्लीतल्या देवळावर पाटी होती ज्येष्ठ नागरिक संघाची. बाहेर म्हातारे पत्ते खेळत बसायचे, आत देव.

आमाकडे क्वानयिनची, म्हणजे करुणेच्या देवीची, वीतभर मूर्ती आहे. जवळच्या दहुआ गावची पांढरी चिनी माती, अगदी दुधासारखी. १९६६ साली माओच्या सांस्कृतिक क्रांतीत 'चार जुन्या गोष्टी' मोडायची मोहीम निघाली तेव्हा आमा नवी सून होती. त्या चार म्हणजे जुने विचार, जुनी संस्कृती, जुन्या चालीरीती, जुन्या सवयी. माओच्या रेड गार्डची पोरं घरोघर शिरत होती. सासूने मूर्ती जुन्या कापडी बंडीत गुंडाळून तांदळाच्या रांजणात खोल दाबली. कुळाची लाकडी पाटी मात्र वाचली नाही, अंगणात जाळली, आणि त्या जागी माओचं चित्र लागलं. पुढची कित्येक वर्षं उदबत्ती नाही, कारण वास भिंत ओलांडून शेजारी जातो. तांदूळ काढायला गेलं की सासू हात आत घालून मूर्तीला नुसता स्पर्श करायची. घाईत दाबताना मूर्तीच्या उजव्या हाताचं बोट मोडलं ते तेव्हाच.

तेव्हा संपवल्या म्हणावं तर हे असं आहे.

इतिहासप्रेमी
अनुभव हलवून गेला. पण सगळं खापर कम्युनिस्टांवर फोडू नका. देवळं ताब्यात घेऊन तिथे शाळा काढा, हे १८९८ सालचे सुधारक सांगत होते. १९२८ मध्ये क्वोमिंतांग या कम्युनिस्टविरोधी राष्ट्रवादी पक्षाच्या सरकारने कोणते देव ठेवायचे आणि कोणते काढायचे याची नियमावलीच काढली होती.

काळा पाषाण
मान्य आहे दादा. शिवाय माओने स्वतः १९२७ च्या हूनानच्या अहवालात लिहिलंय की मूर्ती शेतकऱ्यांनी उभ्या केल्या, वेळ आली की तेच त्या काढून टाकतील, दुसऱ्यांनी घाई करू नये. हे मला सगळ्यात जास्त सलतं. १९६६ च्या नोव्हेंबरात छूफूला, कन्फ्यूशियसच्या गावी, त्याच्या स्मारकांवर घाव घालायला, त्याच्या वंशजांची थडगी उकरायला बीजिंगच्या विद्यार्थ्यांचं पथक गेलं होतं. ते काही तिथले शेतकरी नव्हते. सुधारकांनी देऊळ घेतलं तरी देव घरी राहत होता. हे थेट रांजणापर्यंत आले.

वाटसरू
फूच्यानवरून सगळा चीन जोखू नका. तिबेटमध्ये १९९५ साली दलाई लामांनी पंचेन लामा (त्यांच्या खालोखालचे धर्मगुरू) म्हणून ओळखलेला सहा वर्षांचा मुलगा काही दिवसांतच ताब्यात घेतला, तो पुन्हा जगासमोर आलेला नाही. २००७ पासून लामांच्या पुनर्जन्मालाही सरकारी परवानगी लागते. २०१४ पासून पूर्व किनाऱ्यावरच्या वनचौ शहराच्या परिसरात चर्चवरचे क्रूस उतरवले गेले. उइगुर मुसलमानांच्या शिनच्यांगमध्ये २०१७ च्या नियमांनी दाढी आणि बुरख्यावरही बंधनं आली.

काळा पाषाण
बरोबर आहे तुमचं. आमाच्या देवांना सूट मिळाली ती त्यांना 'संस्कृती' म्हणता येतं म्हणून. मात्सू ही दर्यावर्दी लोकांची देवी, २००९ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली. तैवानचे भाविक तिच्यासाठी फूच्यानला येतात, तेही सरकारला हवंच असतं. उइगुरांना आणि तिबेट्यांना ही पळवाट नाही.

आणि आमाची सूटही पक्की नाही. २०१८ मध्ये शेजारच्या च्यांगशी प्रांतात दहन सक्तीचं करताना घरोघरच्या शवपेट्या ओढून नेऊन मोडल्या. तिकडे म्हातारी माणसं पेटी जिवंतपणीच करवून ठेवतात, तिची निगा राखतात. मी तोवर परतलो होतो. नातवाने फोनवर सांगितलं, त्या चित्रफिती पाहून आमा दोन दिवस नीट जेवली नव्हती.

जिज्ञासू
दादा, मूर्तीचं ते बोट नंतर जोडून घेतलं का?

काळा पाषाण
नाही ताई. तुकडा पुढे तांदळातच सापडला. लाल कागदात गुंडाळून मूर्तीच्या मागे ठेवलाय. दहुआ फार लांब नाही, तिथले कारागीर सहज जोडून देतील, मी स्वतः नेऊन आणतो म्हटलं होतं. आमा म्हणाली, आता ती घराबाहेर जाणार नाही.